डावीकडची चित्रं

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. पार्सल बुधवारी दुपारी पोचलं. आत निघालं ते असं: मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड एक, माऊस एक, बटणासारखा चपटा सेल एक, आणि चॉकलेटचा डबा एक, ज्याबद्दल तू अवाक्षर कळवलं नव्हतंस. कीबोर्ड आणि माऊस मिळून सहाशे नव्वद, सेलचे चाळीस, टपालाचे दोनशे दहा. असला सेल आपल्या कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे पंचवीसला मिळतो, एवढं नुसतं सांगून ठेवते. डब्यावरची किंमत तू खरवडून टाकली होतीस, पण उजेडाला तिरकं धरलं की दिसते. तेवढ्यात आपली आठवड्याची भाजी झाली असती. चॉकलेटं मात्र चांगली आहेत. देवापुढे ठेवून मग आम्ही अर्धं अर्धं खातो, म्हणजे डबा जास्त दिवस पुरतो.

फोन असताना आई टपालाला पैसे का घालते, असं तुला वाटेल. फोन आला की बाबा तो स्पीकरवर टाकून मधोमध ठेवतात, आणि मेल करायची तर ती त्यांच्याच मशीनवरून. तेव्हा म्हटलं, कागदच बरा. बाबा वाचनालयात गेलेत आणि मी ओट्यावर वही ठेवून उभ्यानेच लिहितेय, अक्षर गोड मानून घे.

आधी मशीनची खबर. तारखेचं दुखणं गेलं. रोज सकाळी चालू केलं की ते तू शाळेत असतानाच्या कुठल्यातरी साली जाऊन बसायचं, आणि मग इंटरनेटवरचं एकही पान उघडायचं नाही, नुसती तांबडी सूचना यायची. तू म्हणालीस तसं सगळ्या वायरी काढून, आधी लोखंडी खिडकीच्या गजाला हात लावून, मी झाकण उघडलं. नखाने जुना सेल उचकटला, नवा बसवला, तारीख घातली. बाबा बॅटरीचा उजेड धरून उभे होते आणि मी जणू कुणाच्या पोटाचं ऑपरेशन करतेय असा चेहरा करून मला धीर देत होते. आत इतकी धूळ होती, की मला शेजारणीसमोर तोंड दाखवायची लाज वाटली असती. ती मी कोरड्या ब्रशने काढली. ओलं फडकं लावलं नाही. तुझी शपथ.

हळू चालण्याचं दुखणंही पुष्कळ उतरलं. चालू होताना आपोआप उठणारे ते नको असलेले प्रोग्राम तू सांगितलेस तसे एकेक करून बंद केले. बिनबोलावता जेवायला येणारे पाहुणेच ते. डिस्कमधला केरही काढला. आता बटण दाबून देवाजवळ बसलं, तर माझी प्रार्थना संपायच्या आत मशीन तयार असतं. पूर्वी प्रार्थना, केर आणि कणीक एवढं सगळं व्हायचं. मध्येच गोठून बसण्याचं थांबलंय. एकदा बसलंच, तेव्हा तू शिकवलेली तीन बटणं एकदम दाबून अडलेला प्रोग्राम तेवढा बंद केला. मुख्य बटण खाली करायचा बाबांचा हात मी वरच्यावर धरला. मला आता हे जमतं. मॅट्रिकला गणितात काठावर पास झालेल्या बाईला आणखी काय हवं.

तिसरं दुखणं मात्र जाईना, आणि ते तुला फोनवर अर्धंच कळलंय. बाबांचं म्हणणं असं, की पडद्यावरची चित्रं पुसली जातात, माऊसचा बाण बुडतो आणि सुरुवात करायचं ते कोपऱ्यातलं बटण कधी असतं, कधी नसतं. तू विचारून विचारून सगळं केलंस. चित्रं दाखवायची खूण आहे का बघ म्हणालीस, होती. खालची पट्टी आपोआप लपायची सोय बंद कर म्हणालीस. ती आधीच बंद होती. बाण मोठा केला, त्याला शेपटी लावली. व्हायरस तपासला, एकही नाही. विंडोज पुन्हा घालायचं का, इथपर्यंत गोष्ट गेली. गंमत म्हणजे मी खुर्चीत बसले की सगळं जागच्या जागी असायचं. बाबा म्हणायचे, मशीन तुला घाबरतं.

तुझा कागद त्यांनी अजून भिंतीला लावून ठेवलाय. काय बिघडलं तर काय करायचं, तो. आधी लाल पेनाने त्यातल्या तुझ्या दोन चुका दुरुस्त केल्या, मगच सूचना पाळायला घेतल्या. छापखान्यात जन्म गेला त्यांचा मुद्रितं तपासण्यात. तोंडी सांगितलेलं त्यांना वाऱ्यावरचं वाटतं, कागदावर आलं की ते खरं. मी घसा कोरडा करून सांगितलेली गोष्ट कुणी चिठ्ठीवर लिहून दिली की दुसऱ्या मिनिटाला होते. संसारात मी बोलण्याऐवजी चिठ्ठ्याच लिहायला हव्या होत्या.

आता वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचं सांगते. तुला ठाऊकच आहे, ते आत्मचरित्र हाताने लिहून देतात आणि बाबा टाइप करतात. फाईल एवढी जाडजूड झालीय आणि मास्तर अजून चौथीतच आहेत. परवा ते छापलेली पानं घेऊन आले, बाबा आंघोळीला गेले होते. चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, आणि मग फार संकोचाने म्हणाले, वहिनी, माझी आई दोन पानांतून गेलीय हो. बघितलं तर खरंच. मास्तरांच्या हातच्या कागदावर ओळीच्या सुरुवातीला जे जे होतं, ते अधूनमधून गळलेलं. कुठे आई गेली, कुठे धाकटा भाऊ, एका ठिकाणी तर मास्तर स्वतःच. ठमे, तुझ्या बाबांनी आख्ख्या पुस्तकात उलटा लागलेला एक स्वल्पविराम शोधून मालकाकडून शाबासकी घेतली होती. मास्तरांना मी सांगितलं, मशीन जुनं आहे, खातं कधीकधी. ते बरं म्हणाले. पण जिन्याशी जरा थांबून माझ्याकडे बघून मग वर गेले.

तू नेहमी सांगतेस ना, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. मी तेच केलं. तुला न विचारता पडद्यावरची डावीकडची सगळी चित्रं एकेक ओढून उजवीकडे नेऊन ठेवली. खालची पट्टी पण सोडवून उजव्या कडेला उभी केली. बाबांना म्हटलं, मुलीने सांगितलंय. त्या दिवसापासून एक चित्र पुसलं गेलं नाही, की बाण बुडाला नाही. बाबा इतके खूश, की तुला शाबासकीचा फोन करायला निघाले होते. मी म्हटलं, ती कामात असेल. आणि स्वयंपाकघरात जाऊन डबे पुसत बसले, जे सकाळीच पुसले होते.

मग चहाचा कप. तो नेहमी मी त्यांच्या उजव्या हाताशी ठेवते. एक दिवस डाव्या बाजूला ठेवला, न बोलता. अर्ध्या तासाने आतून हाक, चहाचं काय झालं. जाऊन बघते तर कप होता तिथेच. दुसऱ्या दिवशी जरा पुढे सरकवून ठेवला, तिसऱ्या दिवशी आणखी जरा. कीबोर्डच्या मधोमध येईपर्यंत तो त्यांना सापडला नाही. सापडला तेव्हा साय धरली होती. ते हसून म्हणाले, "तू कधी ठेवलास?" मी म्हटलं, आत्ताच.

त्यानंतर मला सगळंच दिसायला लागलं. डावा खांदा दाराच्या चौकटीला लागतो, त्याला ते दार फुगलंय म्हणतात. रस्त्यावर मला हटकून डाव्या अंगाला चालायला लावतात आणि वर सांगतात, बायकोला गाड्यांपासून जपायचं असतं. ताटात डावीकडे वाढलेलं तसंच राहतं आणि मी उगाच मीठ चाखून बघत होते.

एकदा मी विषय काढला. म्हटलं, डोळे दाखवून येऊ या का, माझेही दाखवायचेत. तर म्हणाले, "म्हातारं मशीन झालंय, मी नाही." आवाज चढला नाही, पण चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. त्यांना कुठेतरी कळलंय, असं मला वाटतं. ज्याने डोळ्यांवर पोट भरलं, त्याने हे कुणाजवळ कसं बोलायचं?

मी आपली चष्म्याचा स्क्रू घट्ट करायच्या निमित्ताने दुकानात गेले आणि एका ओळखीच्या गृहस्थांचं असं असं होतं म्हणून विचारलं. दुकानदार भला माणूस. स्क्रूचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, हे नंबरचं काम नाही, त्या गृहस्थांना मोठ्या डॉक्टरांकडे न्या, आणि चालढकल करू नका. गेली ती नजर बहुतेक परत येत नाही, राहिली ती राखता येते. मी देवाला रोज सगळ्यांसाठी मागते, स्वतःच्या घरासाठी मागायला मला नेहमी संकोच वाटतो. या आठवड्यात संकोच सोडलाय.

आता पत्रास कारण की, पुढच्या पगारात तू नवं मशीन पाठवणार म्हणालीस, ते पाठवू नकोस. पैशाचं म्हणत नाही, या वेळी खरंच नाही. नव्यावर सगळी चित्रं पुन्हा डावीकडे असतील, आणि दोष द्यायला जुनं मशीन नसेल. त्या दिवशी ते एकटेच पडद्यासमोर बसलेले असतील, ते मला नकोय. रजा टाकून धावतही येऊ नकोस, तू दारात दिसलीस की त्यांचं धैर्य जाईल. तू फक्त नवा कागद लिही. वरती नेहमीसारखं, मशीन बंद करून चालू करा, वायरी घट्ट आहेत का बघा. आणि मग मध्येच, कोरड्या सरकारी भाषेत, पुढचं पाऊल म्हणून घाल, की यानंतर मशीन वापरणाऱ्याने डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, त्याशिवाय पुढची दुरुस्ती करता येत नाही. एखादी चूक राहू दे, म्हणजे लाल पेन हातात घेऊन नीट वाचतील. तेवढं कागदावर आलं, की ते आपणहून चप्पल घालतील. मी पिशवी भरून तयार ठेवलीय. अक्षर जाड काढ, कागदाची डावी बाजू पूर्ण कोरी सोड, सगळं उजवीकडे लिही आणि उलटटपाली धाड.

तुझीच,
आई