मोरीतल्या मुंग्या

प्रिय जयवंतदादा,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं होतं. शाळेत पत्रलेखन तेवढं धड शिकलो म्हणून लिहिलं, मनापासून आहे असं समजू नकोस. समोर येऊन बोललो असतो तर हात उठला असता आणि आईने ऊर बडवून चाळ गोळा केली असती. म्हणून तुझ्या कंपनीतल्या चंदरच्या हाती हे पाठवतोय. एकट्याने वाच.

मी सध्या गोरेगावला स्टुडिओत सेटिंगच्या कामावर आहे. ट्रकवरची क्लीनरकी सोडली, वर्सोव्याला मासळीवाल्यांचा बर्फ फोडायचो तेही सोडलं. तू म्हणतोस तसा मी टिकत नाही कुठे. इथे प्लायवूडचा किल्ला उभा करतो आणि शूटिंग संपलं की पाडतो. लांबून अस्सल दगडी वाटतो यार, पण मागे जाऊन बघ, नुसत्या फळ्या आणि सुतळी. त्याच्याकडे बघून तुझी फार आठवण येते.

भरकटलो. बाजारातल्या त्या जडीबुटीवाल्याच्या तंबूतून तू बाहेर पडलास ना, तेव्हा मी समोरच उसळपाव खात होतो. पैलवानांचे फोटो, बरण्यांत मुळ्या, भोंग्यावर गेलेली मर्दानगी परत आणायची बोंब. तू मला बघितलंस, पुडी खिशात कोंबलीस आणि रस्ता ओलांडून गेलास. तू गॅलरीत का झोपतोस ते मला तेव्हा कळलं. हसलो नाही, देवाशपथ. माणसाला दुखणं होतं, त्यात हसण्यासारखं काय? राग आला, कारण त्याच आठवड्यात तू वहिनीची ट्रंक चारकोपला तिच्या भावाच्या दारात टाकून आला होतास.

आठव जरा. आपल्या मोरीत मुंग्यांची रांग लागायची. हळद टाका, फिनेल ओता, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. भूतबाधा उतरवणारा गावचा घाडी मुंबईत आला होता, आईने त्याला घरी आणला. त्याने तांदूळ टाकले आणि म्हणाला, "ह्या बायलेनच घोवाक बांधून घातल्यान. साखर मंतरून टाकता ती." म्हणजे बायकोनेच नवऱ्यावर करणी केली म्हणे! आईने वहिनीच्या झिंज्या धरल्या, "माझ्या झिलाचो वंश बुडवतंस काय गो?" आणि तू भिंतीकडे बघत बसलास! तुमच्या दोघांत काय होत नव्हतं ते तुला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. ती एक अक्षर बोलली नाही. तिने तुझी लाज झाकली, तू तिला चेटकीण ठरू दिलंस. थू तुझ्या मर्दानगीवर.

आता मुंग्यांचं ऐक. सेटवर माझ्या पायात खिळा घुसला म्हणून इथल्या गोरेगावच्या म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात सुई घ्यायला गेलो होतो. माझ्या पुढच्या म्हाताऱ्या कोळ्याला डॉक्टर विचारतात, "बाबा, लघवी करता तिथे मुंग्या लागतात का?" मी उडालोच. मधुमेहात लघवीतून साखर जाते रे, मुंग्या येणारच! तू तहान तहान करत अख्खी कळशी संपवायचास, सारखा मोरीत जायचास, आणि मांत्रिक बाई ती? मी एका मित्राचं म्हणून बाकीचंही विचारलं. डॉक्टर म्हणाले, "हे दुखणं नेहमी मित्रालाच होतं." पण नंतर नीट बसवून सांगितलं. साखर वाढली की नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात, त्या जागी रक्त पुरेसं पोचत नाही, मग ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. एखाद्या वेळी झालं तर तो रोग नव्हे; थकवा, काळजी, दारू, कशानेही होतं. महिनोन्महिने चाललं तर तपासायचं. ब्लडप्रेशर, तंबाखू, काही औषधं, अशीही कारणं असतात. सकाळी उठताना आपोआप येत असेल तर बहुतेक मनाचा घोर, तेव्हाही नसेल तर शरीराचं बघायला हवं. तुझं काय ते मला सांगू नकोस, त्यांना सांग. आधी रक्त आणि लघवी तपासायची, साखर ताब्यात आणायची, बाटली सोडायची. एवढ्याने नाहीच भागलं तर मोठ्या हॉस्पिटलात इंजेक्शनं, ऑपरेशनं निघालीत. बायकोलाही बरोबर आणा म्हणाले. तंबूतल्या पुड्या मात्र गटारात टाक, त्यातल्या भस्मांनी किडन्या जातील.

आणि तू काय केलंस? ग्रामस्थ मंडळात अर्ज टाकलास. बायको करणी करते, सोडचिठ्ठी मिळावी. रविवारी मंडळाचे गुणाजीकाका पंच जमवणार, तू मान खाली घालून गरीब चेहरा करणार, आणि मग आईने हेरून ठेवलेल्या त्या शकुशी लग्न. त्या पोरीचं काय करशील? वर्षभराने तिच्याही नावावर मुंग्या लावशील?

काल चारकोपला गेलो होतो. वहिनीला सगळं सांगितलं, म्हटलं, रविवारी ये आणि बोल. नाही म्हणाली. "चार माणसांत त्यांची अब्रू काढायची नाही मला." माझं डोकंच फिरलं. तर भाकरी थापता थापता विचारते, "भावजी, त्यांच्या अंगठ्याची जखम भरली का हो? चप्पल चावलेली. मी होते तोवर सुकत नव्हती." मला काय माहीत? तसाच डॉक्टरांकडे गेलो. या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, मित्राला लगेच घेऊन या, हयगय केली तर पाय कापायची वेळ येईल. म्हणून लिहितोय, नाहीतर तुझं तोंडही बघायचं नव्हतं. शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी हॉस्पिटलच्या गेटवर ये, मी उभा आहे. नाही आलास तर रविवारी मंडळात उभा राहीन. ती झाकते, मी झाकणार नाही. आलास तर तिथून सरळ चारकोप. ट्रंक तू स्वतःच्या डोक्यावर घ्यायचीस आणि मुंग्या कुणाच्या ते आईला तुझ्या तोंडाने सांगायचंस. आणि येताना जुनी सैल चप्पल घाल. हे माझं नाही, तिचं सांगणं आहे.

नाइलाजाने का होईना, तुझाच,
सहदेव