अन्नपूर्णेमागची किल्ली

मिहिर,

कँपर व्हॅनची किल्ली तू देवघरात अन्नपूर्णेच्या मागं लपवलीस. अरे, या घरात रोज देव घासतं कोण? सकाळीच सापडली. मी आणि बाबा पैठणला निघालोय. धरणाकाठी गाडी लावून तिच्यातच झोपणार आहोत.

आता ‘तिथं डास फोडून काढतील’ म्हणून फोन करू नकोस. खिडक्यांना आणि मागच्या दाराला मी मच्छरदाणीची जाळी शिवलीय. कडेनं चुंबकाच्या पट्ट्या आहेत, त्यामुळं ती पत्र्याला गच्च बसते. दिवेलागणीच्या आत दारं लावू, बॅटरीचा पंखा अंगाकडं वळवून ठेवू, आणि डासांचं मलम बाबांच्या तळपायांनासुद्धा चोळीन, कितीही कुरकुरले तरी.

त्यांच्या डेंग्यूचा तू धसका घेतलास, ते कळतं मला. पण डेंग्यू काही गाडीत झाला नव्हता. तुझ्या या फ्लॅटमध्ये झाला, बाथरूममधल्या त्या उघड्या पिंपापायी. नळ आठवड्यानं येतो, म्हणून तू शिळ्या पाण्यावरच नवं भरतोस. मी बोलले, तर म्हणालास, “दुष्काळात पाणी फेकायचं का?” फेकू नकोस ना! त्यानं फरशी पूस, कुंड्यांना घाल. पण आज नळ यायच्या आत पिंप घास आणि भरलं की झाकण लाव.

आमटी फ्रिजमध्ये आहे. भात तेवढा लाव.

सोमवारी येऊ. यापुढं किल्ली माझ्या कमरेला राहील. देवघरात फक्त देव राहतील.

आई