हुरड्याआधी फ्रेमवर्क

२८ नोव्हेंबर २०२५
छायावहिनी यंदा हिंगणीच्या शेतात नागपूरच्या पाहुण्यांसाठी हुरडा पार्टी ठेवणार. बुकिंगची वेबसाइट मी जावामध्ये करणार. बापूजी म्हणाले, "हुरडा संपायच्या आत झाली त करजो कॉम्प्युटरचं. नाई त तानबामामाच्या सिमेंटच्या दुकानात बसजो." मंजूर! बीसीए दुसऱ्या वर्षी सोडलं म्हणून काय झालं? आधी फ्रेमवर्क, म्हणजे कोडचा तयार सांगाडा, निवडणे. दोन दिवस पुरेत.

५ डिसेंबर
स्प्रिंग बूट जवळपास नक्की. सगळे तेच वापरतात, म्हणूनच शंका येते. क्वार्कस लवकर सुरू होतं. मायक्रोनॉटही. तुलनेचा तक्ता केला. निकष चौदा.

१४ डिसेंबर
निकष एकेचाळीस. पाहुण्यांनी नाव लिहायची चौकट झाली का, असं वहिनींनी विचारलं. मी वाडिन हे आणखी एक फ्रेमवर्क समजावलं : स्क्रीनसुद्धा जावातच लिहिता येतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, कणसात दूध भरून राह्यलं. ते तुमच्यासाठी थांबणार हाय काय?" यांना आर्किटेक्चर कळत नाही.

२१ डिसेंबर, दुपार
माझ्या लॅपटॉपवर स्प्रिंग बूट सुरू व्हायला आठ सेकंद, क्वार्कसला दोन. क्वार्कस नक्की.

संध्याकाळी
सहा सेकंदांसाठी एवढा मोठा निर्णय? नक्की नाही.

२९ डिसेंबर
वहिनींनी धरणाच्या रस्त्याला पत्र्याची पाटी लावली : हुरडा मिळेल, खाली मोबाइल नंबर. मी बजावलं, याने धंदा स्केल होत नाही. काल बारा गाड्या आल्या. योगायोग.

४ जानेवारी २०२६
आगटीवर भाजलेली गरम कणसं चोळायला माणूस कमी पडला. गेलो, फक्त युजर समजून घ्यायला. एक पाहुणे जावावालेच निघाले! तक्ता दाखवला. तुम्ही कोणतं वापरता आणि का, असं विचारलं. म्हणाले, "मी लागलो तेव्हा ऑफिसात जे होतं तेच. चटणी आहे का अजून?" अशांमुळेच इंडस्ट्री मागे आहे. तळहात भाजले.

११ जानेवारी
निवड झाली. स्प्रिंग बूट! सांगायला शेतात गेलो. वहिनी पाटी काढत होत्या. म्हणाल्या, "दाणा टणक झाला, भाऊजी. आता भाकरीच." बापूजींनी मामांना फोन लावून माझ्या हातात दिला.

१२ जानेवारी, सकाळी ९
दुकान. ट्रक आला. पोती रचायच्या तीन पद्धती दिसल्या. कागदावर तुलना करत होतो, तेवढ्यात मामांनी ड्रायव्हरला घेऊन ट्रक रिकामा केला. म्हणाले, "तू बसूनच राह्यजो, बाप्पा."
बसलो. पण माझ्या मर्जीने.