बिनरंगाचे अकरा दिवस

बाबा, तुमचा टीव्ही अजून चालतो. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं लिहिताना मला माझीच लाज वाटणार आहे आणि मग हे राहून जाईल. तोच एकवीस इंची, जाड काचेच्या ट्यूबचा, दोन मेलेल्या टीव्हींचा एक करून तुम्ही आईला दिलेला. कुडव्याच्या घरात, पुढच्या खोलीत, आईच्या शिलाई मशीनच्या समोर त्याच लोखंडी स्टँडवर आहे. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात हिरवट डाग पडला आहे, तुम्ही असतात तर चुंबक फिरवून घालवला असता. तुम्ही गेलात तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्यानंतरच्या अकरा वर्षांत लोकांची टीव्ही पाहण्याची रीतच बदलली. केबलवाल्याने आमच्या गल्लीतल्या तारा गुंडाळून नेल्या, डिशच्या छत्र्या गच्चीवर गंजत पडल्या. आता मालिका, सिनेमे, स्वयंपाकाचे कार्यक्रम, सगळं इंटरनेटवरून येतं आणि नव्या टीव्हीत त्याची सोय आतच असते. जुन्याला ते बाहेरून जोडावं लागतं. बोटाएवढी एक काडी मिळते, तिला स्टिक म्हणतात. तिची पिन चपटी, आणि आपल्या टीव्हीच्या पाठीला पिवळं आणि पांढरं अशी गोल भोकं. दोघांच्या मध्ये काडेपेटीएवढी एक डबी लावायची, ती एकाची भाषा दुसऱ्याला सांगते. तुम्हाला हे दोन मिनिटांत कळलं असतं. मला कळायला काय काय करावं लागलं, तेच लिहायला बसले आहे.

शाळेत मी रडत असे म्हणून दोन वर्षं तुम्ही मला घरीच ठेवलं होतं. घरी म्हणजे तुमच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. अक्षरं तुम्ही मला टीव्हीच्या खोक्यांवरून शिकवली आणि अंक रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांवरून. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन. अजूनही मला सात म्हटलं की जांभळं दिसतं. उघड्या टीव्हीत बोट घालताना दुसरा हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही, हा तुमचा नियम होता. माझ्या फ्रॉकला खिसाच नव्हता, तर तुम्ही आईकडून सगळ्या फ्रॉकना खिसे लावून घेतले. आई म्हणाली, "पोरीले मेकॅनिक करता का काय?" तुम्ही म्हणालात, "पह्यले जित्ती तं राहू दे." त्या दुकानात मी एका गोष्टीची मालकीण होते. तुम्ही हात मागे करायचात, रंग सांगायचात आणि मी तुमच्या तळहातावर बरोबर तोच रेझिस्टर ठेवायचे.

म्हणून कामठ्याच्या त्या काकू मला आवडल्या नाहीत. चादरीत बांधून टीव्ही आणलेल्या. तुम्ही पाठ उघडलीत आणि नेहमीसारखं त्यांना जवळ बोलावून दाखवू लागलात. तुम्ही गिऱ्हाइकापासून काही लपवत नव्हतात. त्या म्हणाल्या, "भाऊ, आवाज येते आन चित्र येत नाई, मंग दोघाचे रस्ते येगळे असन न आत?" तुमचा चेहरा असा उजळला! "तुमचा मेंदू तं मेकॅनिकचा आहे बाई," तुम्ही म्हणालात. दोन वर्षांत मला तुम्ही असं कधी म्हणाला नव्हतात. मग तुम्ही हात मागे केलात, "लाल, लाल, तपकिरी." मी म्हटलं, "संपला." तो माझ्या मुठीत होता. तुम्ही वळून पाहिलंत, मूठ पाहिलीत. ओरडला नाहीत. "नाई समजत म्हणशीन तं शिकवीन," तुम्ही म्हणालात, "पण समजते आन नाई म्हणशीन तं मी काय करू?" तो रेझिस्टर मला काकूंच्या हातावर ठेवायला लावलात. आणि त्या दिवसभर तुम्ही हात मागे केलाच नाहीत. प्रत्येक वस्तू उठून स्वतः घेतलीत. मी तुमच्या स्टुलाशेजारी उभी होते.

आता घरातलं सांगते. दोन वर्षांपूर्वी भावाचं लग्न झालं. वहिनी देवरीकडची आहे, बी.कॉम. झालेली, घरभर बोलत फिरणारी. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रक्ताच्या प्रत्येक नळीवरचं नाव मी दोनदा वाचते, घराचं कुलूप तीनदा ओढून पाहते, तरी अर्ध्या रस्त्यातून स्कूटी वळवून परत येते. तर एवढी जपून वागणारी मी. आईला वहिनीच्या मोबाइलवर मालिका बघायची सवय लागली, पण तिचे डोळे दुखत. भाऊ म्हणाला, हे डबडं फेकू, नवीन घेऊ. आई म्हणाली, "चालून राहिला न तो, कायले फेकतं?" मी म्हटलं, मी जोडून देते. मी नाही तर कोण? स्टिक आणि डबी दोन्ही मागवल्या. रविवारी सकाळी बसले. प्रत्येक पिन प्रत्येक भोकात नीट बसली. पडदा काळा. वायरी बदलल्या, चार्जर बदलला, टीव्ही एव्हीवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या चित्रावर टाकला, काढला, पुन्हा टाकला. दुपार झाली. शेवटी मी उठून म्हटलं, टीव्हीचं एव्ही गेलं.

वहिनी भाकरी थापता थापता येऊन पाहत होती. तिने डबी उचलली, पिठाच्या बोटांनी. "ताई, या डब्बीवरचा बाण उलटा आहे का वो?"

"बाण डिझाइनसाठी असतो," मी म्हटलं.

असं मी म्हटलं, बाबा. डबी जुन्याकडून नव्याकडे नेणारी होती, आपल्याला हवी होती नव्याकडून जुन्याकडे. दोन्ही सारख्याच दिसतात, दोन्हींत सगळ्या पिना बसतात. सिग्नल कोठून येते आन कोठी जाते थे पह्यले पाह्य, हा तुमचा पहिला धडा. नळीवरचं नाव दोनदा वाचणाऱ्या मुलीने तो बाण एकदाही वाचला नव्हता, कारण मी कोणाची मुलगी आहे याची मला फार खात्री होती.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये असताना वहिनी आईला भावाच्या गाडीवर मागे बसवून बाजारात गेली. दुकानदाराला तिने काय विचारलं ते आईने मला नऊ वेळा तरी सांगितलं असेल: "भैया, नई चीज से पुराने टीवी में जानेवाला कौनसा?" बस, एवढंच. संध्याकाळी मी दार उघडते तर तुमच्या टीव्हीवर चित्र हलतंय, वहिनी तुमच्या स्टुलावर बसलेली आणि आई पलंगावरून ओरडते, "ये ये, पाह्य! लागला! माह्या बाईनं लावला!" बाई ती मला म्हणायची. आजवर या घरात बाई मीच होते.

चित्र काळं-पांढरं होतं. मी चप्पल काढायच्या आत मला कारण कळलं. डबीच्या बाजूला नखाएवढं एक सरकतं बटण होतं, त्याला दोन बाजू, एक आपल्याकडच्या टीव्हीची आणि एक परदेशातल्या. ते परदेशाच्या बाजूला होतं. तुम्हाला आठवतं, परदेशातून आलेल्या एका माणसाने व्हीसीआर आणला होता आणि त्याचं चित्र आपल्या टीव्हीवर असंच बिनरंगाचं दिसत होतं? "चित्र येते, पण रंगाची भाषा येगळी आहे," तुम्ही म्हणाला होतात. शिवाय कोपऱ्यातला डाग अजून हिरवाच दिसत होता. ट्यूबमध्ये रंग जिवंत होता.

"ताई, रंग काऊन नाही येऊन राहिला?" वहिनीने विचारलं. "तुम्हाले माहीत असन."

मी म्हटलं, "जुना आहे. ट्यूब गेली असेल."

हे बोलायला मला क्षणही लागला नाही. विचार करून बोलले असते तर कदाचित बोललेच नसते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण दुसऱ्या दिवशीही मी तेच बोलले आणि तेव्हा विचार करायला अख्खी रात्र मिळाली होती. ती विजयी झाली आहे तर अर्धीच होऊ दे, एवढंच मला हवं होतं. बाकीचं अर्धं माझ्याकडे राहील.

पण झालं उलटं. आईला रंग दिसत नव्हते म्हणून वहिनी तेच मोबाइलवर सोबत लावून आईला चिकटून बसू लागली आणि रंग सांगू लागली. "आई, हिची साडी मोरपंखी आहे. ब्लाऊज राणी कलरचा." आई शिवणकाम करणारी, तिचा जीव ब्लाऊजमध्ये. "बाह्या कोनत्या रंगाच्या?" "बाह्याही राणीच, पण काठ पिवळा." स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला की आई म्हणायची, "हळद टाकली का नाई टाकली, कायनं समजन वं?" आणि दोघी हसत सुटायच्या. स्टिकच्या रिमोटमध्ये बोललं की तो ऐकतो, तर आई त्याला तोंडाशी धरून म्हणायची, "बाई, कालचं लाव न जरा." त्यावरही हसणं. मी स्वयंपाकघरात ताटं मांडत असे, गरजेपेक्षा जास्त आवाज करत. अकरा दिवस. मी रंग अडवला आणि त्या दोघींच्या मधली उरलेली वीतभर जागाही माझ्याच हाताने मिटवून टाकली. जळायचं तरी किती, बाबा? मी तर ती तुमच्याबद्दल बोलायची त्यावरही जळायचे. "बाबा असते तर..." ती म्हणायची. तुम्हाला तिने फोटोतच पाहिलं आहे. तुमच्या हाताला तारा जोडायच्या सोल्डरचा वास यायचा हे तिला माहीत नाही, आणि मी ते तिला मुद्दाम सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी जेवताना भावाने सांगितलं की जुना देऊन नवा घ्यायचं त्याने ठरवलं आहे, उद्या सकाळी अकराला माणूस येणार. ट्यूबच गेली तर कशाला ठेवायचं. ट्यूब गेली हे त्याला मीच सांगितलं होतं.

वहिनी म्हणाली, "बाबांच्या हातचा आहे तो. द्यायचा नाही."

"तू कधी पाह्यलं बाबाले?"

"नाई पाह्यलं म्हणूनच म्हणून राहिली. तुमच्याजवळ आठवणी तरी आहेत. मले थो टीव्हीच आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं. "तू बोल न काही, पोरी. तू त्यायच्या हाताखाली शिकलेली." आणि मी घास गिळून म्हणाले, "जुनाच तर आहे." तुमचा टीव्ही भंगारात गेला तर जाऊ दे, पण तो तिचा होऊ नये, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं. वरण वाढून घेतलं मी. ते खाल्लंही.

सकाळी आई विहारात गेली होती, भाऊ आंघोळीला, वहिनी मागे पाणी भरत होती. दहा वाजून गेले होते. मी टीव्ही लावला आणि स्टुलावर बसून नखाने ते बटण सरकवलं. चित्र एकदा थरथरलं आणि रंग आला. भाजीच्या टोपलीत टोमॅटो होते, इतके लाल की मला रडू आलं. वहिनी आवाज ऐकून ओल्या हातांनी धावत आली. "ताई! काय केलं तुम्ही?" मी म्हटलं, "बसून शोधलं." आई परत आली, दारातच थांबली, तोंडावर पदर धरला. "शेवटी बापाची लेक आहे," ती म्हणाली. भावाने त्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि सगळ्यांत जास्त आनंद वहिनीला झाला होता. ती तर टाळ्या वाजवत होती. वहिनी आल्यापासूनची दोन वर्षं मी जे ऐकायला तरसले होते ते ऐकत होते, आणि बाबा, ते गोड लागलं. खोटं आहे हे माहीत असून गोड लागलं. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मग वहिनी म्हणाली, "मले दाखवा न, काय केलं ते. तुम्ही लॅबमध्ये असता, बिघडलं तं मी करीन." मी तिला डबी दाखवली, बटण दाखवलं आणि म्हटलं, "याला हात लावू नको हं. चुकून सरकलं तर ट्यूब जळेल." तिने डोळे मोठे केले आणि मान हलवली. तेव्हापासून ती स्टँड पुसते तेव्हा डबीच्या आजूबाजूनेच कपडा फिरवते, श्वास रोखून. मी बघते आणि काही बोलत नाही.

हे पत्र मी लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. घरी लिहिलं तर ती विचारेल काय लिहिता. पर्समध्येच राहील ते, पावत्यांच्या खाली. तुम्ही जिथे आहात तिथे ते जात नाही आणि जिला द्यायला हवं तिला द्यायची माझी हिंमत नाही. बटणाने काही जळत नाही. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, तिला नाही. उद्या सांगते तिला, असं लिहून शेवट करणार होते. पण तुम्हाला खोटं लिहायचं नाही, म्हणून ती ओळ खोडली.