मोडायची खुर्ची

२ फेब्रुवारी

नाही मोडली! तिसरीही नाही मोडली!

मास्तरांनी खुर्ची डोक्यावर उचलली आणि वाळूच्या पोत्यावर आपटली. पोतं फुटलं, वाळू सांडली, खुर्ची जशीच्या तशी. अख्खं वर्कशॉप हसत सुटलं. मास्तर म्हणाले, "सुतारबाई, ही जपून ठेवा, नातवंडं बसतील." मग एकदम गंभीर होऊन — "दुसऱ्या अंकात मुलगा ही बापाच्या पाठीत घालतो. खुर्ची खोटी असली तरी पाठ खरी आहे. कळतंय ना?"

कळतंय हो. हातांना कळत नाही त्याला काय करू? बाबांच्या दुकानात वाढले मी. सांधा बसवायचा, ठोकायचा, हलवून बघायचा, परत ठोकायचा. सांध्यात फट दिसली की माझे दात शिवशिवतात. आणि इथे फट मुद्दाम ठेवायची, वर ती प्रेक्षकांना दिसू द्यायची नाही!

नाटक-सिनेमाचं खोटं सामान बनवणाऱ्या या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून वर्ष संपत आलंय. हे नाटक रंगमंचावर आलं की मास्तर सांगणार — मला ठेवणार की नाही. नाही ठेवलं तर बाबांचं दुकान आहेच. तेच तर नको आहे मला. बाबा वाईट नाहीत, दुकानही वाईट नाही. पण तिथे मी जन्मभर "यांची मुलगी" राहणार.

४ फेब्रुवारी

बाबा जेवताना — "आज काय केलंस?"

"टेलिफोन. जुन्या काळातला."

"वाजतो?"

"नाही."

"मग टेलिफोन कसला?"

संपलं बोलणं. गेल्या आठवड्यात रबरी मासा केला तेव्हाही हेच. मासा इतका छान झाला होता की मांजर त्याच्याभोवती घुटमळत होतं! बाबांनी त्याला बोटाने एकदा दाबलं आणि हात धुवायला गेले.

मोडण्यासाठी खुर्ची बनवतेय हे त्यांना सांगायची माझी छाती नाही. एका गिऱ्हाइकाने कपाटाचं दार कुरकुरतं म्हटलं तर हा माणूस आठवडाभर घुम्म होता.

११ फेब्रुवारी

मोडली!!!

मास्तर स्वतः शेजारी बसले आज. पायांना आणि पाठीला आतल्या बाजूने करवतीचा छेद द्यायचा, अगदी थोडं लाकूड शिल्लक ठेवायचं. छेदात मेण भरायचं, वरून रंग. सांध्याला सरस लावायचा नाही, म्हणजे नाहीच. फक्त मऊ लाकडाची काडीएवढी खुंटी. खुर्ची मारली की खुंटी तुटते, सगळं सुटं होतं. दुसऱ्या प्रयोगाला नव्या खुंट्या घालायच्या. मी खुंटी बसवली आणि हात आपोआप सरसाच्या डब्याकडे गेला. मास्तरांनी मनगटावर फटका मारला. लहान मुलाला मारतात तसा!

म्हाताऱ्या नटाने येऊन पाहिलं. सगळे त्यांना आजोबाच म्हणतात. बापाचं काम त्यांचं. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिलाच विचारलं, "काय गं बाई, वेळेवर मोडशील ना? लाजू नकोस." मग मला म्हणाले, "आजवर नोकर, पोस्टमन आणि प्रेत झालो. आता कुठे बाप झालोय. सांभाळ."

१२ फेब्रुवारी

परत मोडली! आणि आजोबांना नुसतं धप्प वाटलं म्हणे. मी हवेत.

२० फेब्रुवारी

खुर्ची घरी आणली आहे. वर्कशॉपमध्ये सिनेमाच्या दगडी पुतळ्यावर रंगाचे फवारे चाललेत, तिथे पॉलिशवर सगळी धूळ बसते. मास्तर म्हणाले, "घरी कर. उद्या थेट थिएटरवर आण, तालमीला. आणि नेण्याआधी पाठीला गुडघा लावून बघ, जराशी सुटली पाहिजे. विसरू नकोस."

खाली दुकान, वर घर. दुकानात खिडकीपाशी ठेवून पॉलिश केलं. मी ब्रश धूत होते तर आई येऊन सरळ बसायलाच निघाली! किंचाळलेच मी — "आई गं, नको! मोडायची आहे ती! नाटकात पाठीत घालायची आहे!" आई पोट धरून हसली. "कुणाच्या?" म्हणे. बाबा बरं झालं नव्हते, कपाट पोचवायला गेले होते.

संध्याकाळी आले तेव्हा दारातूनच बघितलं. "ही तू केलीस?" — "हो." — "पॉलिश बरं झालंय."

पॉलिश बरं झालंय! बाबांच्या तोंडून! खुर्ची कशासाठी आहे ते सांगितलं नाही. इतक्या दिवसांनी बरं बोलले होते, कशाला घालवू?

२१ फेब्रुवारी

खुर्ची मोडली नाही. आजोबा मोडले.

२२ फेब्रुवारी

काल हात चालत नव्हता. आज लिहिते.

उशीर झाला होता. बाबांनी खुर्ची कापडात छान गुंडाळून दोरीने बांधून ठेवली होती, ती तशीच उचलली आणि पळाले. गुडघा लावून बघितला नाही. थिएटरवर पोचले तर दुसरा अंक सुरू होत होता. कापड काढलं आणि ठेवली मंचावर.

मुलाचं काम करणाऱ्या नटाने नेहमीसारखी जोर लावून घातली. आवाजच वेगळा आला. आजोबा गुडघ्यावर बसले, मग हळूहळू आडवे झाले. सगळ्यांना वाटलं काय अभिनय आहे! कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मग ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "अरे, थांबा जरा." तेव्हा कळलं.

खांद्याचं हाड. बरगडीलाही चीर आहे. त्या पोराला रडू आवरेना, म्हणत होता मी मारलं, मी मारलं. तू नाही रे, मी. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, तेच सगळ्यात वाईट वाटलं.

घरी आले तर बाबा दुकानाच्या दारात. "पसंत पडली का खुर्ची?" मी हो म्हटलं आणि जिना चढले.

२४ फेब्रुवारी

मास्तरांनी खुर्ची माझ्यासमोर ठेवली. "तूच उघड. काय झालं ते मला सांग." आणि दिग्दर्शकाचा फोन आला म्हणून बाहेर गेले.

उघडली. छेदांतलं मेण खरवडून काढलेलं, त्यात सरस आणि लाकडाचा भुसा घट्ट भरलेला. सांध्यांनाही सरस. माझ्या काड्या नाहीतच. त्यांच्या जागी कठीण लाकडाच्या जाड खुंट्या. छिन्नी लावून एक बाहेर काढली. टोक तिरकं छाटलेलं, डावखुऱ्या हाताने. असं टोक छाटणारा मला एकच माणूस माहीत आहे.

तिथेच फरशीवर बसले.

सकाळी लवकर उठून दुकानात गेले असणार. लेकीचे सांधे पाहिले असणार — सरस नाही, खुंट्या काडीच्या, लाकडाला चिरा! लाज वाटली असेल. माझी नाही, माझ्यासाठी. चार लोकांत पोरीचं हसं होऊ नये म्हणून गुपचूप सगळं पक्कं करून दिलं. वर कापडात गुंडाळून! आणि रोज दारात उभे राहून विचारतायत पसंत पडली का. बिचारे बाबा! हे त्यांना कळलं तर परत हातात छिन्नी धरायचे नाहीत.

खुंट्या खिशात टाकल्या. मास्तर आले.

"सवय, मास्तर. घरी नेल्यावर सरस लावला मी. भान राहिलं नाही."

किती सहज खोटं बोलले! पटलं त्यांना. न पटायला काय झालं, माझे हात त्यांनी पाहिलेत.

२५ फेब्रुवारी

दवाखान्यात गेले. आजोबा उशांना टेकून बसले होते, एक हात गळ्यात. मला पाहून म्हणाले, "ये. आयुष्यभर सगळे खुर्चीसाठी भांडताना पाहिले. मला मिळाली ती थेट पाठीत!" नर्सही हसली. मला हसता येईना.

मग ती गेल्यावर म्हणाले, "माझं काम दुसऱ्याला दिलंय. मोठं काम होतं गं." भिंतीकडे बघत म्हणाले. मी पायाशी बसून रडले. ते म्हणाले, "मास्तर फार बोलले का तुला?" माझीच चौकशी!

त्यांना तरी खरं सांगावं असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

२८ फेब्रुवारी

काढलं.

"सरस लावलास म्हणून नाही काढत," मास्तर म्हणाले. "चुका मीही केल्यात. गुडघा लावून बघितलं नाहीस म्हणून काढतोय. उद्या तुझ्या हातून कुणी जिवानिशी जाईल, मला झोप लागायची नाही."

खरं आहे ते. तेवढी चूक माझीच आहे, ती बाबांच्या नावावर नाही टाकता येत. खिशातल्या खुंट्या टेबलावर ठेवल्या असत्या तर कदाचित राहिलेही असते. नाही ठेवल्या. निघताना माझा अॅप्रन खुंटीवरून काढला तर मास्तर म्हणाले, "राहू दे की तुझ्याकडे." त्यांचेही डोळे भरले होते. मला त्यांचा राग येत नाही, हेच फार जड जातंय.

घरी एवढंच सांगितलं की काम संपलं, एका माणसाला लागलं, मला नको म्हणाले. बाबांनी मान हलवली. कुणाला, कशाने, काही विचारलं नाही. मला दुखेल म्हणून असेल.

३ मार्च

दुकानात बसायला लागले. बाबांनी माझ्यासाठी खिडकीजवळ वेगळं टेबल लावलंय. माझ्या उंचीचं! छिन्न्यांना नव्या मुठी, सगळ्या माझ्या हाताच्या मापाच्या. दिवसभर गुणगुणत होते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलेले नाहीत. गिऱ्हाइकाला सांगत होते, "आता आम्ही दोघं."

दुपारी एक सांधा बसवला. पक्का. कुणी मनगटावर मारलं नाही. डोळे भरून आले तर भुसा गेला म्हटलं.

कधीच सांगणार नाही त्यांना. माझं एक काम गेलं, जाऊ दे. त्यांचे हात राहिले.

६ मार्च

आजोबांच्या जागी आलेल्या नटाचा फोटो पोस्टरवर लागलाय. रस्ता बदलून आले.

१० मार्च

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी एक टोक धरलं होतं. बोलता बोलता म्हणाली, "त्या दिवशी मी बसलेच होते बघ त्या खुर्चीवर! म्हणून संध्याकाळी हे वर आल्या आल्या ह्यांना सांगून टाकलं — बसू नका हो, मोडायची आहे ती, नाटकात कुणाच्या तरी पाठीत घालायची आहे. तर हे हसले. म्हणाले, बघू कशी मोडते."