एका अंगात दोन औषधं

मोखोत्लोंग, २ जून १९९७

चि. लिनेओस आत्याचे अनेक आशीर्वाद.

घोड्याने तुझ्या भावाचा, मोलेफीचा, पाय तुडवला त्याला तीन आठवडे झाले. पू थांबत नाही. दवाखान्यातली नर्स पुलेंग दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या देतेय, पण परवा मला बाजूला घेऊन म्हणाली की असंच चाललं तर पाय कापावा लागेल. एका पायाने मेंढरांमागे डोंगर कसा चढायचा, ते काही तिने सांगितलं नाही.

तू मासेरूला प्रयोगशाळेत जंतू पाळतेस म्हणे. पुलेंगने जखमेतला पू पाठवलाय, सोबत मी गावाला जखमांवर देते ती लाल मुळी आहे. शहरात शिकून आत्याच्या मुळीला नावं ठेवतेस का, बघतेच. मोलेफी ज्वारीची आंबील तेवढी पितो.

लोभ आटवू नकोस.
मामोसा आत्या

मासेरू, ११ जून

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

काचेच्या बशीत जंतू वाढवून पाहिले. नुसत्या गोळीच्या औषधाला ते जुमानत नाहीत. नुसत्या मुळीने जरा मंदावतात. दोन्ही एकत्र घातली, तर बशी स्वच्छ. मी नाचायच्या बेतात होते, तेवढ्यात साहेब म्हणाले की बशी म्हणजे पाय नव्हे. तरी दवाखान्याच्या डॉक्टरांनी पुलेंगच्या देखरेखीखाली मुळी द्यायला होकार दिलाय. लगेच सुरू कर.

आता नावं ठेवायला दुसरं काही शोधते. लोभ आहे तसाच ठेव.
तुझी लिनेओ

मोखोत्लोंग, १६ जून

चि. लिनेओस आशीर्वाद.

शुक्रवारी मुळी खणली, वरचा कोंब पुन्हा मातीत लावला. काढा तीनदा पाजते, त्यानेच जखम धुते. रीतीप्रमाणे पहिल्या वैद्याचं औषध त्याच दिवशी बंद केलं. एका अंगात दोन औषधं भांडतात आणि पुलेंगचाही अपमान होतो. गोळ्या मक्याच्या पोत्यात ठेवल्यात, पुलेंगला अजून सांगितलं नाही.

ताप चढलाय. पायाची करंगळी काळी दिसते. औषध आधी आजार बाहेर काढतं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं सांगू, मला भीती वाटतेय.

लोभ असू दे, आणि उत्तर लवकर दे.
आत्या

मासेरू, १९ जून

आत्या,

नमस्कार राहू दे. पोत्यातल्या गोळ्या काढ आणि पत्र पुरं वाचायच्या आधी एक त्याच्या तोंडात घाल. मुळीही थांबवू नकोस. दोन्ही मिळूनच काम करतात.

गोळ्या चालू ठेव, हे लिहायचं मला सुचलंच नाही. एका वेळी एकच वैद्य, हे ऐकतच मी तुझ्या घरात वाढले, तरी सुचलं नाही. चूक माझी आहे. पुलेंगचा मान आड येत असेल तर तिची परवानगी माग, पण आजच माग.

लिनेओ

मोखोत्लोंग, १२ जुलै

चि. लिनेओस आशीर्वाद.

गोळी तोंडात घातली आणि मानाची कोंबडी घेऊन बर्फातून पुलेंगकडे गेले. तुझ्या औषधाशेजारी माझं ठेवू दे, म्हटलं. ती म्हणाली, कोंबडी परत ने आणि मला आधी पोराकडे ने. मग रोज ती गोळी द्यायची, मी काढा. नवव्या दिवशी ताप उतरला. पाय वाचला, दोन बोटं गेली.

मोलेफी येईल त्याला सांगायचा की गोळ्यांनी बोटं खाल्ली आणि आत्याच्या मुळीने पाय राखला. ऐकायला गोड लागायचं, म्हणून मी गप्प राहिले. परवा शेजारची मालेराटो खोकणाऱ्या नातीसाठी मुळी मागायला आली. दवाखान्याच्या गोळ्या चुलीत टाकून आले, म्हणाली. मग मात्र मी बोटं कोणामुळे गेली ते सगळं सांगितलं आणि दोघींना पुलेंगकडे धाडलं.

मोलेफी दारातच बसून ऐकत होता. तेव्हापासून तो माझ्या हातून काढा घेत नाही. पुलेंग येऊन पाजते.

तुझा तरी लोभ राहू दे.
आत्या