ही यायच्या आत पॅच पॅनेल

४ मार्च, सकाळ
बायको बहिणीकडे राहायला गेली. चार दिवस बदल हवा असेल. बरोबर दोन मोठ्या बॅगा, सगळे स्वेटर आणि गॅलरीतल्या कुंड्या. मार्चमध्ये स्वेटर कशाला? पण ही पहिल्यापासून थंडीला भित्री. कुंड्यांनाही जरा हवापालट.

सिंथ मात्र ठेवून गेली. यातच सगळं आलं. जिला परत यायचं नसतं ती बाई आपलं लाडकं वाद्य, सिंथेसायझर, मागे सोडून जात नाही. मेहुणी म्हणाली, गाडीत मावला नाही. मेहुणीला मोजमाप कधीच कळलं नाही.

४ मार्च, संध्याकाळ
घर शांत. रोज ऑफिसातून आलो की पुढच्या खोलीत हिचं वाजवणं चालू असायचं आणि मला बातम्या धड ऐकू यायच्या नाहीत. आज एकूण एक बातमी स्वच्छ ऐकली. काय सांगत होते ते आता आठवत नाही.

६ मार्च
नीट विचार केला. आमचं भांडण असं झालेलंच नाही. जाण्याआधी ही एवढंच म्हणाली की तुझ्याशी बोलणं म्हणजे बंद दाराशी बोलणं. मी शांतपणे विचारलं, कुठलं दार? त्यावर ती बॅग भरायला गेली.

संकल्प: ती येईपर्यंत रोजची भांडी रोज घासणार. (उद्यापासून. आज कप एकच आहे.)

७ मार्च
हिचा मेसेज आला! रविवारी, १७ तारखेला दुपारी येते, बाबांचा आवाज रेकॉर्ड करून घेते, तोवर नॉबना हात लावू नकोस.

बाबांचा आवाज म्हणजे सासऱ्यांचा नव्हे, सिंथचा. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा हिने कित्येक दिवस नॉब फिरवून फिरवून तो आवाज तयार केला होता. संध्याकाळी फोन स्पीकरवर ठेवायची आणि त्यांना वाजवून दाखवायची. ऐकता ऐकता ते झोपी जायचे. ते गेले, पण संध्याकाळी थोडा वेळ तोच आवाज लावून बसायचा हिचा नेम काही सुटला नाही.

आमचा सिंथ आमच्याहून वयाने मोठा. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून जुना उचलला. त्याला मेमरी-बिमरी नाही. नॉब जिथे फिरवून ठेवलेत, तो त्याचा आवाज. नॉब हलला की आवाज गेला. रेकॉर्ड का करून ठेवत नाहीस असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, कशाला? इथेच तर आहे.

आता एकाएकी रेकॉर्डिंग! निमित्त, दुसरं काय. इतकी वर्षं संसार केलाय, मला कळत नाही होय?

८ मार्च
कल्पना सुचली. अशी कल्पना माणसाला आयुष्यात एखादवेळीच सुचते.

मागे ही म्हणाली होती की आपल्या सिंथला पॅच पॅनेल असतं तर काय बहार आली असती. मी लगेच किट मागवलं आणि लगेच माळ्यावर ठेवलं. पॅच पॅनेल म्हणजे सिंथच्या पोटातल्या तारा बाहेर काढून सॉकेटच्या रांगेला जोडायच्या. मग केबल इकडची तिकडे खुपसली की नवा आवाज. एकाच्या जागी शंभर. रविवारी ही दारात उभी राहील, बघेल, आणि बॅगा आणायला मेहुणीला पाठवेल.

९ मार्च, शनिवार
किट उघडलं. संकल्प: सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा नाही.

पहिलं पान वाचलं. लिहिलंय की हे काम अनुभवी माणसानेच करावं. म्हणजे पुढची पानं इतरांसाठी आहेत. दारावरची बेल कोणी दुरुस्त केली? मीच. आता ती न्हाणीघरातला दिवा लावला की वाजते, पण वाजते.

१० मार्च, रविवार
अडचण. वरचा पत्रा काढायचा तर आधी सगळे नॉब काढावे लागतात.

हात लावू नकोस, असं ही म्हणाली होती खरी. पण त्याचा अर्थ निष्काळजीपणे लावू नकोस. मी पद्धतशीर माणूस. प्रत्येक नॉबचा काटा कुठे आहे तिथे टोकदार पेन्सिलीने बारीक खूण केली. मगच नॉब उपसले आणि साबणाच्या डबीत ठेवले.

ड्रिल ऐकून खालच्या मजल्यावरचे नाना वर आले. रिटायर्ड माणूस, वेळच वेळ. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणाले. फोटोत पत्रा चमकतो, काही दिसत नाही, असं मी त्यांना समजावलं. पेन्सिल कशी, भरवशाची. नाना वहिनी कधी येणार म्हणून विचारून गेले. पुढच्या रविवारी, म्हटलं. हे म्हणताना फार बरं वाटलं.

१२ मार्च
ऑफिसात ताप आल्याचं कळवलं. एक बोट सोल्डरिंगने भाजलंय, तेव्हा अगदीच खोटं नाही. सॉकेट बसली. दोन किंचित तिरकी आहेत, पण त्यात हाताने केलेल्या कामाची मजा असते. एक वायर उरली. किटवाले बहुधा एखादी जास्तच देतात.

१३ मार्च
पत्रा परत बसवला. धूळ, डिंक, सोल्डरचे काळे डाग, काही विचारू नका. या अवतारात हिला दाखवायचा? छे! स्पिरिटचा बोळा घेतला आणि कोपरान् कोपरा घासून काढला. लख्ख. तोंड बघावं असा.

१३ मार्च, थोड्या वेळाने
पेन्सिलीच्या खुणाही लख्ख.

१३ मार्च, आणखी थोड्या वेळाने
घाबरण्याचं काहीएक कारण नाही. आवाज मला पाठ आहे. रोज संध्याकाळी याच घरात तर होतो.

१४ मार्च
सिंथ चालू केला. ढिम्म. एका तिरक्या सॉकेटला टिचकी मारली तेव्हा शिट्टी सुरू झाली. गॅसवर किटली विसरलात का, असं नानांनी खालून ओरडून विचारलं.

मग आवाज शोधायला बसलो. जाडसर होता. निदान बारीक नव्हता. जरासा थरथरायचा. की तो पंखा? सुरुवात हळू व्हायची आणि मग... मग मी टीव्ही मोठा करायचो.

संकल्प: उद्या डोकं थंड ठेवून बसायचं.

१५ मार्च
मेहुणीला फोन केला. अगदी सहज, आडून आडून. हिला तो आवाज जरा गुणगुणायला सांग आणि मला ऐकव, म्हटलं. मेहुणी म्हणाली, भाऊजी, तुम्ही काय केलंत?

काही नाही म्हटलं आणि विषय बदलला. तिनेच सांगितलं की हिने जागा बघितलीय. दोन खोल्या आणि कुंड्यांपुरती गॅलरी. वाजवायच्या शिकवण्या सुरू करायच्या असणार. चांगलं आहे. बाईमाणसाला स्वतःचं काही हवं, हे मी नेहमीच म्हणत आलोय. निदान मनात.

१६ मार्च, संध्याकाळ
दिवसभर नॉब. आता मला सगळेच आवाज तो वाटतात आणि एकही वाटत नाही.

एक संध्याकाळ मात्र आठवली. मी चहाचा कप ठेवायला पुढच्या खोलीत गेलो होतो. ही वाजवून थांबली आणि फोनमधून सासरे म्हणाले, अजून थोडं. त्यांचं ते म्हणणं जसंच्या तसं कानात आहे. श्वास कुठे लागला, तेसुद्धा. त्याच्या आधी ही काय वाजवत होती ते काही केल्या आठवत नाही. मी दारातच होतो ना!

फार एकटं वाटतंय. लिहिलंय ते लिहिलंय, खोडत नाही.

१७ मार्च, रविवार, सकाळ
आज मूड उत्तम. दाढी केली. भांडी घासली, सगळी. हिची उशी उन्हात टाकली, टॉवेल नवा काढला. आवाजही जमवलाय. हुबेहूब नसेल, पण उन्नीस-बीस. शिवाय समोर शंभर नवे आवाज असताना त्या एकाचं काय घेऊन बसायचं!

१७ मार्च, संध्याकाळ
आली. रेकॉर्डर पर्समध्ये होता. चप्पल काढली, पण दाराशीच ठेवली, कपाटात नाही.

सिंथसमोर उभी राहिली. सॉकेटच्या रांगेकडे बघितलं, मग नॉबकडे, मग माझ्या भाजलेल्या बोटाकडे. तिने काही विचारायच्या आत मी केबल खुपसून दाखवायला सुरुवात केली. हा बघ, हा बघ, आता हा ऐक. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, बाबांचा कुठाय?

मी माझा लावला. तिने शेवटपर्यंत ऐकला आणि हा नाही म्हणाली. जुनं मशीन आहे, तापायला वेळ लागतो, असं मी म्हटलं. ती स्वतः बसली. मी स्टूल ओढून शेजारी बसलो. ती वाजवत असताना इतक्या जवळ मी कधी बसलो नव्हतो. ती एकेक नॉब जरासा फिरवायची, मान कलती करायची, पुन्हा फिरवायची. एकदा अचानक तिचा हात थांबला. तिने डोळे मिटले. मलासुद्धा कळलं की हाच, किंवा याच्या अगदी शेजारचा. इतका साधा होता. तिने डोळे न उघडता रेकॉर्डर चाचपला आणि तेवढ्यात ते तिरकं सॉकेट खरखरलं. गेला. त्यानंतर काही सापडला नाही, उजेड उतरेपर्यंत बसली तरी.

रडली. मोठ्याने नाही. मी पाणी आणलं, दुसरं काही सुचलंच नाही. चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, एवढं एकच सांगितलं होतं रे.

मला खूप काही बोलायचं होतं. मी म्हटलं, कुंड्या कशा आहेत? म्हणाली, बऱ्या आहेत.

मग तिने पॅच केबल काढून नीट गुंडाळल्या. एकेक नॉब शून्यावर आणला, अगदी शेवटचा बारकासुद्धा. सिंथवर कव्हर घातलं, कोपरे सारखे केले. मी दरवाजा उघडा धरला.

शून्यावर आणले म्हणजे पहिल्यापासून सुरुवात करायची असणार. नाहीतर एवढे कष्ट कोण घेतं?

१८ मार्च, सकाळ
उशी गॅलरीतच राहिली होती, दव पडून ओली झाली. पुन्हा उन्हात टाकली.

संकल्प: तिरकं सॉकेट नीट बसवणार, सूचना सगळ्या वाचणार, आवाज शोधून काढणार. रोज संध्याकाळी बसायचं. बातम्या बंद.

१८ मार्च, संध्याकाळ
सिंथवरचं कव्हर काढायला गेलो तर वर घराची किल्ली. हिची. विसराळू पहिल्यापासून!

लगेच फोन केला. उचलला. म्हटलं, अगं, तुझी किल्ली इथेच राहिलीय.

म्हणाली, राहिली नाही. ठेवलीय.

मी बरं म्हटलं.